बोगद्यातली जागा

लोणावळ्याला माणसं हवा खायला येतात हे अंबूबाईनं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तिला हसू आवरेना. ती टाकवे बुद्रुकची, भातखाचरांत वाढलेली पोर. युरोपातली मोठी लढाई चालू होती त्या दिवसांत तिचं लग्न झालं आणि ती लोणावळ्याच्या भांगरवाडीत नांदायला आली. स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागलेली असायची. त्यांत ट्रंका, वळकट्या आणि भर उन्हात शाली पांघरून बसलेली मुंबईची फिकुटलेली माणसं.

"माणूस भाकर खातं, लय झालं तर शिव्या खातं," ती नवऱ्याला म्हणाली. "हवा कशी खात्यात वो?"

"तेंच्या मुंबईत मिळत न्हाई म्हनं," भिमाजी म्हणाला. "आपल्या हितं ढिगानं हाय. खाऊ दे की."

भिमाजी रेल्वेच्या घाटातल्या टोळीत कामाला होता. उंच, सडसडीत, बोलायला कमी. त्याचा कान मोठा तिखट. रुळावर हातोडी मारली की नुसत्या आवाजावरून सांगायचा, इथं बोल्ट सैल आहे, इथं तडा धरलाय. म्हणूनच त्याला बोगद्यातल्या टोळीत घातलं होतं. आतल्या अंधारात डोळ्यांपेक्षा कानाचं काम जास्त.

घाट चढणाऱ्या गाडीला दोन इंजिनं असत. एक पुढून ओढायचं, एक मागून रेटायचं, आणि दोन्ही भकाभका धूर ओकत बोगद्यात शिरायची. शिट्टी ऐकू आली की टोळीतली माणसं भिंतीतल्या कोनाड्यांत शिरत, ओला पटका नाकातोंडावर दाबत आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहत. गाडी निघून जायची. धूर मात्र मागं राहायचा. पावसाळ्यात ढग घाटात उतरून बसले की तो अर्धा अर्धा तास हलायचा नाही, आणि तो हलायच्या आत दुसरी गाडी यायची.

संध्याकाळी भिमाजी न्हाणीत बसला की पाणी काळं वाहायचं. खाकरून थुंकला तर तेही काळं. टोळीत सगळ्यांचंच तसं होतं, त्यामुळं कुणाला त्याचं नवल वाटत नसे. गूळ खाल्ला की छाती धुऊन निघते असा त्या माणसांचा समज होता. अंबूबाई रोज भाकरीबरोबर गुळाचा खडा बांधून द्यायची आणि आपल्याकडून सगळं केलं अशा समजुतीनं निर्धास्त असायची.

मुलगी झाली, रतन. तिच्यानंतर दोन मुलं झाली ती राहिली नाहीत. दिवस सरत गेले.

माहेरी वडील वारले होते. आई आणि दोन भाऊ. थोरला रखमाजी शेत बघायचा. धाकटा हौशीराम अंबूबाईपेक्षा दहा वर्षांनी लहान, तिनं कडेवर घेऊन वाढवलेला. तो वीस-बावीस वर्षांचा झाला तरी दोन खाचरांत दोघा भावांना पुरेसं काम नव्हतं, आणि काम नसलेल्या पोराला मुलगी कोण देणार? आईनं अंबूबाईच्या मागं टुमणं लावलं आणि अंबूबाईनं नवऱ्याच्या.

"घाटाचं काम वंगाळ हाय, अंबू," भिमाजी म्हणाला. "शेतात हाय तो बरा हाय."

"तुमी न्हाई का करत? माज्या भावाचंच तेवढं काय नाजूक लागून गेलंय?"

 शेवटी भिमाजी टोळ्यांच्या मुकादमाच्या, दत्तोबाच्या, कानावर घालतो म्हणाला. दत्तोबा त्याचा शब्द मोडणारा नव्हता. हौशीराम उघड्यावरच्या टोळीत लागला आणि टोळीबरोबरच राहू लागला. बोगद्याबाहेरची लाईन, डोंगरउतार, मोकळा वारा. वर्षभरात त्याचं लग्न झालं. नंदा नावाची वडगावकडची गोरटेली मुलगी टाकव्याच्या घरात आली. आईचे पाय जमिनीला लागेनात. अंबूबाईलाही वाटलं, आयुष्यात आपण एक काम चोख केलं.

रतन हाताशी आल्यावर अंबूबाई तुंगार्लीच्या वाटेवरच्या एका बंगल्यात कामाला जाऊ लागली. मालक मुंबईला राहायचा आणि बंगला आजारी माणसांना भाड्यानं द्यायचा. सत्तावीस सालच्या हिवाळ्यात तिथं चाँदबी आली. मूळची महाडकडची, मुंबईच्या डोंगरीत नवऱ्याचं घड्याळांचं दुकान, वय चाळिशीचं. आली तेव्हा टांग्यातून दोघांनी उचलून आणावी लागली. क्षयाची बाई म्हणून आधीची मोलकरीण त्याच दिवशी पळाली. अंबूबाई राहिली. थुंकीचं भांडं चुन्याच्या पाण्यानं धुवायचं, कपडे उकळायचे, वाळवायचे, हे सगळं ती करू लागली.

शनिवारी पुण्याहून एक डॉक्टर येत. त्यांनी पहिल्याच दिवशी चाँदबीची खाट खोलीतून उचलून व्हरांड्यात ठेवायला लावली. पौषातली थंडी. अंबूबाईला वाटलं हा माणूस वेडा आहे.

"सायेब, गारठून मरत्याल की त्या!"

"गारठ्यानं माणूस मरत नाही, कोंदट हवेनं मरतो," डॉक्टर म्हणाले. "चार पांघरुणं घाला, पायाशी गरम पाण्याची बाटली ठेवा, पण तोंडावरचा वारा अडवायचा नाही. रात्रंदिवस इथंच. हिचं औषध ते हेच."

अंबूबाईला ते पटलं नाही, पण डोळ्यांनी बघितल्यावर पटवून घ्यावं लागलं. सहा आठवड्यांत चाँदबी उशाला टेकून बसू लागली. होळीला तिनं स्वतःच्या हातानं केस विंचरले. सुरुवातीला अंबूबाई तिला बाईसाहेब म्हणायची, मग मावशी म्हणू लागली.

"डोंगरीत आमच्या खोलीला खिडकी नाही, अंबूबाई," चाँदबी एकदा म्हणाली. "खाली भटारखाना. चोवीस तास भट्टीचा धूर. तिथं मी वीस वर्षं काढली. मला वाटायचं, सगळ्यांनाच श्वास असा ओढून घ्यावा लागतो. तुम्ही नशीबवान. जन्मापासून ही हवा तुमची."

अंबूबाई भांडं धूत होती.  भिमाजीचा श्वास तिला आठवला. अलीकडे टेकाडावरच्या घरापर्यंत चढताना तो दोनदा थांबायचा आणि वाटेवरचं झाड बघतोय असं दाखवायचा. झोपेत त्याच्या छातीतून जुनं दार करकरल्यासारखा आवाज यायचा.

पुढच्या शनिवारी तिनं धीर करून डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी भिमाजीला व्हरांड्याच्या पायरीवर बसवलं, पाठीला, छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"क्षय नाही," ते म्हणाले.

अंबूबाईनं पदर कपाळाला लावला. "देव पावला."

"पुढचं ऐका. माणसाच्या छातीत मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं असतात. श्वास घेतला की त्यांत हवा भरते. यांची निम्मी घरं धुरानं आणि काजळीनं खराब झालीत. झाली ती झाली. ती दुरुस्त करायचं औषध माझ्याजवळ नाही, कुणाजवळच नाही. उरलेली वाचवायची असतील तर बोगदा आजच्या आज सोडायचा." मग नळी गुंडाळताना ते जरा स्वतःशीच म्हणाले, "इतकी वर्षं लोणावळ्यात राहून या माणसाच्या छातीत लोणावळ्याची हवा गेलेलीच नाही."

परतताना अंबूबाई सारखी बोलत होती. लाईनीपाशी आल्यावर भिमाजीनं बोट दाखवलं. घाटातून वर येणाऱ्या रुळांच्या कडेनं लोखंडी खांब उभे राहत होते.

"विजेची इंजिनं येत्यात," तो म्हणाला. "धूर न्हाई, कोळसा न्हाई. सायेब म्हनतो लय झालं तर दीड-दोन वर्सं. इतकी वर्सं काढली, तेवढ्यानं काय हुतंय?"

"डाक्टर म्हनलं आजच्या आज."

"डाक्टरला काय, सांगायला हुतंय."

ती भांडली, रडली, दोन दिवस जेवली नाही. भिमाजी तिच्याशी रागानं बोलला नाही, पण कामावर जायचंही थांबला नाही. हट्टीपणा म्हणून तिनं कपाळावर हात मारून घेतला.

आषाढात दत्तोबा मुकादम तिला बाजारात भेटला. पाऊस कोसळत होता. दोघं एका दुकानाच्या वळचणीला उभी राहिली.

"भाऊ, तुमी तरी सांगा तेनला," ती म्हणाली. "तुमचं ऐकत्याल. बाह्यरचं कायबी हलकं काम द्या."

दत्तोबानं घोंगडीचं पाणी झटकलं. तो बोलावं की नाही अशा विचारात पडला. मग म्हणाला, "बाई, म्या कवाच सांगितलं. फाटकावर बसवतो म्हनलं. तोच न्हाई म्हनतो. आतली जागा रिकामी झाली की बाह्यरच्या टोळीतला गडी आत घालावा लागतो. आन् त्या यादीत पयलं नाव तुमच्या हौशीरामचं हाय. भिमाजीच्या शब्दावर लागलेला, तेच्याच जागेवर त्यो जानार."

दत्तोबानं आवाज खाली आणला.

"मला म्हनला, पोराचं नुकतं लगीन झालंय, विजेचं इंजिन येईपतोर म्याच राहतो आत. हौशीरामला कळू देऊ नका, आन् घरीबी कळू देऊ नका म्हनला. म्या शबूद मोडला. पर तुमी इच्यारलं, मंग काय करू?"

घरी येईपर्यंत ती नखशिखान्त भिजली होती. चुलीपाशी बसून तिनं पुन्हा पुन्हा तेच मनात घोळवलं. हौशीरामला सांगितलं तर तो एक दिवसही थांबणार नाही, काम सोडून टाकव्याला जाईल. मग भिमाजी मोकळा. एवढी सोपी गोष्ट. पण काम सोडलेला हौशीराम भावाच्या तुकड्यावर बसणार. हे काम बघूनच मुलगी दिलेली, तिचे आईबाप काय म्हणतील. आईचं काय होईल. आणि तिनंच तर हे काम लावलं होतं. नवऱ्याच्या मागं लागून लावलं होतं.

पंचमीला माहेरी गेल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं.

नागपंचमीला ती टाकव्याला गेली. नंदाला दिवस गेले होते. आईनं दारातच कानात सांगितलं आणि तिन्हीसांजेला, जणू पहिल्यांदाच, पुन्हा सांगितलं. हौशीराम दोन दिवसांची रजा काढून आला होता. त्यानं चिंचेला झोपाळा बांधला, नंदाला बसू दिलं नाही म्हणून ती रुसली, मग सगळी हसली. अंबूबाई त्यांच्याकडे बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हौशीराम तिला कामशेतच्या स्टेशनापर्यंत पोचवायला आला. तो स्वतः एक दिवस मागून येणार होता. चिखलातून दोघं चालत गेली. गाडीला अवकाश होता. फलाटावर दोघंच होती. हौशीरामनं तिचं गाठोडं खाली ठेवलं आणि विचारलं, "आक्का, दाजी कसं हायती गं? मला तेंचा खोकला बरा वाटत न्हाई. इच्यारलं तर हसत्यात."

आता सांगायचं. अंबूबाईनं तोंड उघडलं. हौशीरामच्या मुंडाशात नंदानं खोचलेलं जाईचं फूल होतं. त्याला बहुधा ते ठाऊकही नव्हतं.

"बरं हायती," ती म्हणाली. "पावसाळ्याचा खोकला. पाऊस सरला की जाईल."

गाडी आली. ती चढली.

भाद्रपदात, गणपती जाऊन आठ दिवस झाले असतील, भिमाजी बोगद्यात कोसळला. लागोपाठ दोन गाड्या वर आल्या होत्या आणि धूर हलत नव्हता. त्याच्या टोळीतल्या बजरंग नावाच्या कामशेतच्या गड्यानं कोनाड्यातून हाक मारली. ओ आली नाही. चाचपडत गेला तर भिमाजी भिंतीला टेकून बसलेला, तोंडावरचा पटका खाली पडलेला. बजरंगानं त्याला ओढत बोगद्याच्या तोंडापर्यंत आणला. बाहेर हौशीरामची टोळी खडी भरत होती. हौशीरामनं त्याला पाठीवर घेतलं.

शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी दत्तोबाच्यानं राहवलं नाही आणि त्यानं हौशीरामला सगळं सांगून टाकलं. हौशीराम सरळ घरी आला. भिमाजीच्या उशाशी बसला. अंगावर अजून कामाचे कपडे होते.

"दाजी, म्या काम सोडलं," तो म्हणाला. "आता तुमी कुनाची जागा राखून बसू नगासा."

भिमाजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला रडताना अंबूबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"आन् आक्का, तुला बी सांगितलं न्हाई व्हय तेनी?" हौशीरामनं विचारलं.

अंबूबाई चुलीत लाकूड सारत होती. तिनं मान हलवली. होकार की नकार, ते त्या धुरात कुणाला कळलं नाही. हौशीरामनं तो नकारच धरला. तिनं तो तसाच धरू दिला.

बोगद्यातली जागा बजरंगाच्या धाकट्या भावाकडे गेली. कुणीतरी जाणारच होतं. अंबूबाई कधी नव्हे ती त्या घरी गेली आणि त्याच्या आईला म्हणाली, पोराला सांगा, गाडी गेली की बाहेर पळ, मुकादम काही म्हणो. म्हातारीनं तिला चहा दिला आणि गूळ देते हो रोज, असं सांगितलं.

मग अंबूबाईनं घराला हात घातला. कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं घर. खिडकी म्हणाल तर वीतभर. पश्चिमेची भिंत तिनं कोयत्यानं कंबरेपासून वर कापून काढली. चूल उचलून परसात नेली आणि वर चार पत्रे टाकले. भिमाजीची खाट उघड्या बाजूला लावली. पावसाची सर आली की गवताचे तट्टे सोडायचे, ओसरली की वर बांधायचे. शेजारणी येऊन बघून जात.

"येडी झालीस काय? वारं लागून मरंल तो," शेजारची धोंडाबाई म्हणाली.

"वारं न लागून मराय लागलाय तो, मावशी," अंबूबाई म्हणाली.

हिवाळा लागला आणि भिमाजी खरोखर जरा सावरला. थुंकी काळ्याची करडी झाली. तो काठी घेऊन कुंपणापर्यंत जाऊ लागला. अंबूबाईच्या मनात आशा धुगधुगली. तिनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर "छान, छान" म्हणाले. पण त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, तेव्हाच ती समजली.

एकोणतीसच्या उन्हाळ्यात चाँदबी बरी होऊन निघाली. स्वतःच्या पायांनी टांग्यात चढली. तिच्या नवऱ्यानं डोंगरीची खोली सोडून माहीमकडे समुद्राच्या वाऱ्यावर जागा घेतली होती. जाताना तिनं आपली वेताची आरामखुर्ची अंबूबाईला दिली.

"भिमाजीभाऊंना बसायला द्या. हिच्यात बसलं की श्वास घ्यायला सोपं जातं. माझा अनुभव आहे." तिचे डोळे भरले होते. "बघा, तेही उठतील. मी नाही का उठले?"

अंबूबाईनं खुर्ची डोक्यावर घेतली आणि चालू लागली. वाटेत तिला चाँदबीचा भयंकर राग आला. परक्या गावची बाई, मरणाच्या दारातून आमच्या हवेवर उठून चालती झाली. आणि माझा माणूस इथल्याच डोंगराच्या पोटात विझत चालला. थोडं पुढं गेल्यावर तिला आपल्याच रागाची लाज वाटली. गप्प राहिल्याच्या त्या पाच महिन्यांचा हिशेब तर तिचा तिलाच द्यायचा होता, चाँदबीला नव्हे. खरं तर आषाढ ते भाद्रपद, तीनच महिने. पण रात्री जागताना ते तिला पाच वाटत, कधी वर्ष वाटे.

त्या सालच्या दिवाळीनंतर विजेची गाडी सुरू झाली. हौशीराम टाकव्याहून मुद्दाम आला. त्यानं भिमाजीला पाठकुळी घेतलं आणि लाईनीच्या कडेला नेऊन बसवलं. मागोमाग अंबूबाई घोंगडी घेऊन. बघायला बरीच माणसं जमली होती. घाटाच्या बाजूनं गुणगुणल्यासारखा आवाज आला, मग इंजिन आलं. वर आभाळ स्वच्छ. गाडी गेल्यावर मागं काहीच राहिलं नाही. समोरची झाडं होती तशी दिसत होती.

भिमाजी रिकाम्या रुळांकडे बघत होता.

"आतून आली न्हवं ही?" त्यानं विचारलं.

"व्हय दाजी. समदे बोगदे पार करून आली."

"मंग बजरंगच्या भावाला काय पटका लागायचा न्हाई आता." तो हसला, हसताना खोकला आला आणि तो थांबेना. हौशीराम त्याची पाठ चोळत राहिला. भिमाजीच्या तोंडावर मात्र समाधान होतं. अंबूबाईला त्या समाधानाकडे बघवेना. तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती: मागच्या सालच्या श्रावणात कामशेतच्या फलाटावर आपण दोन शब्द बोललो असतो, तर हा माणूस आज स्वतःच्या पायांनी इथं आला असता. कदाचित आला असता. ते "कदाचित"च तिला खायला उठे, कारण ते खरं की खोटं हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नव्हता.

भिमाजी माघात गेला. सकाळची उन्हं होती. आरामखुर्चीत बसला होता, तोंडावर वारा येत होता. "अंबू, तट्टा वर घे," म्हणाला. तट्टा वरच होता. ती तरीही उठली, दोरी ओढल्यासारखं केलं आणि वळली तर त्याची मान कलली होती.

पुढं अंबूबाईनं नऊ वर्षं त्याच बंगल्यात काढली. किती माणसं आली, किती उठून गेली, किती तिथंच संपली. थुंकी बघून, नखं बघून ती डॉक्टरांच्या आधी ओळखू लागली. रतनला टाकव्यातच दिलं होतं. जावई चांगला निघाला. अंगानं थकल्यावर अंबूबाई लेकीकडे राहायला गेली. तिथं ती गावाला जरा तापदायकच झाली. कुठल्याही घरी गेली की चुलीवर धूर कोंडलेला बघून तिला बसवत नसे. बाळंतिणीची खोली फटी बुजवून बंद केलेली, आत शेगडी धुमसतेय, तान्ह्याचा जीव घुसमटतोय असं दिसलं की ती सरळ दार उघडून टाकायची. सासवा तोंडावर बोलायच्या, "हिचा नवरा वाऱ्यानंच मेला म्हनं." ती उत्तर द्यायची नाही. दार मात्र लावू द्यायची नाही.

हौशीराम तिथंच होता. भावाबरोबर शेत करायचा. काम सोडल्यावर नंदाच्या माहेरच्यांनी त्याला बरंच बोलून घेतलं होतं. पहिली दोन-तीन वर्षं ओढगस्तीत गेली होती. पण त्यानं त्याची कधी तक्रार केली नाही. गावात दाजींची गोष्ट निघाली की तो सांगायचा, "माझ्यासाठी जीव दिला त्या मानसानं. आन् आमाला दोघा भाऊबहिणीला पत्ता बी लागू दिला न्हाई."

हे वाक्य अंबूबाईनं पंधरा वर्षं ऐकलं.

चव्वेचाळीस साली, भात झोडून झालं होतं, दोघं खळ्याच्या कडेला बसली होती. नंदा पेंढ्या रचत लांब गेली होती. कुणीतरी वाटसरू विचारपूस करून गेला आणि हौशीरामनं त्याला तेच सांगितलं. वाटसरू गेल्यावर अंबूबाई म्हणाली,

"हौशा, मला पत्ता हुता."

त्याला कळलं नाही. "कशाचा?"

"दत्तोबानं मला आषाढातच सांगितलं हुतं. पंचमीला म्या तुला सांगायलाच आलते. कामशेतला तू इच्यारलंस, दाजी कसं हायती. तवा म्या सांगितलं न्हाई."

हौशीराम हातातल्या काडीनं जमिनीवर रेघा ओढत होता. तो थांबला. मग म्हणाला, "आक्का, तू सांगितलं असतंस, तर म्या त्याच दिशी काम सोडलं असतं."

"म्हनूनच न्हाई सांगितलं," अंबूबाई म्हणाली.

हौशीराम उठला. काडी तिथंच टाकून बैलांकडे गेला. ती संध्याकाळपर्यंत बसून होती. तो परत आला नाही.

तो सबंध मार्गशीर्ष आणि अर्धा पौष त्यानं तिच्या दारात पाऊल टाकलं नाही. रतननं विचारलं, मामाशी काही झालं का. अंबूबाईनं नाही म्हटलं. तिला वाईट वाटत होतं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला सलग झोप लागत होती, आणि त्याचंही तिला वाईट वाटत होतं.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी हौशीराम आला. ओसरीवर टेकला. तिनं पाणी आणून दिलं. त्यानं तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आमच्या धाकट्या पोरीला पाहुनं बघाय येत्यात रविवारी. कान्हे गावची हायती. तू असायला पायजेस."

"येते की," ती म्हणाली.

"सकाळीच ये. नंदाला एकटीला उरकायचं न्हाई."

त्यानं बोगद्याचं नाव काढलं नाही, तिनंही काढलं नाही. पुढं कधीच काढलं नाही. गावात दाजींची गोष्ट निघाली तर हौशीराम आता एवढंच सांगायचा, "लय चांगला मानूस हुता," आणि विषय भाताच्या भावावर न्यायचा. रविवारी अंबूबाई सकाळीच गेली, पाहुण्यांचा स्वयंपाक केला, आणि मुलगी पसंत पडली.